हळदीखालचा रंग

आई, उद्या तुझ्या नातीची हळद. तू तिला पाहिलं नाहीस, पण गालांची ती नितळ कांती तुझ्याकडूनच तिच्याकडे गेली, मला मधल्यामध्ये वगळून. ती हिंजवडीला नोकरी करते, दिवसभर एसीत बसते आणि मोबाइलवरून उटणं मागवते. आज सकाळी ते घरपोच आलं. बरणीवर छापलंय, आजीच्या काळातलं. मला हसू आलं. तुझ्या उटण्याला बरणी नव्हती, पितळी वाटी होती, आणि ती कर्वेनगरच्या याच स्वयंपाकघरात खिडकीशी असायची.

मी नोकरीला लागले तेव्हा दुकानं नुकती परदेशी क्रीमांनी भरू लागली होती. तू मात्र शेजारणींना घेऊन मार्केट यार्डात जायचीस, हळकुंडं आणि आवळे आणायचीस, हळकुंडं गच्चीवर वाळवून गिरणीतून दळून आणायचीस. उठल्याबरोबर कोमट पाणी, पानात काकडी नाहीतर गाजर, दुपारी ताक, थंडीत तीळ, आणि रात्री वेळेवर झोप. रविवारी साय, डाळीचं पीठ आणि हळद चेहऱ्याला. कॉम्प्युटर कंपनीतल्या पहिल्या पगारातून मी तुला गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब आणली, तर तू ती हुंगून म्हणालीस, "जे तोंडात घालवत नाही ते तोंडाला कशाला फासायचं?" ती ट्यूब बाबांच्या बुटांना गेली. बूट उजळले नाहीत, हेही तू मला आवर्जून दाखवलंस.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा सॉफ्टवेअरमधला, व्हिसा हातात, त्यामुळे सगळी घाई. त्याच उन्हाळ्यात तुझ्या अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. तू अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घातलास, वांगी बंद केलीस, मग हळूहळू जेवणच बंद केलंस. ताकावर दिवस काढायचीस. ब्लाउज सैल झाले. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, लेकीचं लग्न ठरल्यापासून काय तेज आलंय हो तुमच्यावर. आणि रविवारची हळद रोजची झाली, गालांवरून गळ्यावर, गळ्यावरून हातांवर उतरली. तू ती धडपणे धूतही नव्हतीस. मी एकदा चिडून म्हणाले, अगं, सासरची माणसं येतात, नीट धू तरी. तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लग्नघर आहे. पिवळं दिसायचंच."

माझ्या हळदीला आपण सगळ्याच पिवळ्या होतो. फोटोत तू सर्वांत जास्त. माझ्या सासरच्या पूजेला तू आलीस तेव्हा चेहरा स्वच्छ धुतलेला होता आणि पिवळेपणा तसाच होता. यांच्या मावशी नर्स होत्या. त्यांनी तुला हाताला धरून खिडकीशी नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाल्या, "हे कधीपासून?" तू पदर गळ्याभोवती ओढून घेतलास. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, यकृताच्या तोंडाशी गाठ आहे आणि फार उशीर झालाय. घरात कुणी डोळे पाहिले नाहीत का, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळे तुझी कांती बघत होतो. दिवाळीच्या आत तू गेलीस.

इतकी वर्षं मी हळदीला दोष दिला. तिने आमच्यापासून लपवलं तसं तुझ्यापासूनही लपवलं, असं मी धरून चालले. परदेशातून परतून तुझ्याच या घरात राहू लागले, तरी फोडणीपलीकडे ती वापरली नाही.

आणि आता पावसाळ्यापासून माझे तळहात खाजताहेत. पुरळ नाही. भाताचा वाससुद्धा नको होतो. परवा व्याही मंडळी विश्रांतवाडीहून आली होती, विहीणबाई म्हणाल्या, काय छान बारीक झालात, काय खाता? मी म्हटलं, काकडी आणि ताक. त्या हसल्या. मी तळहात पदराखाली घेतले. लेकीला सांगितलं तर ती उद्याची हळद थांबवेल, हॉल, जेवण, जावयाची मोजकी रजा, कशाचाही विचार करणार नाही. एवढं लग्न होऊ दे, मग बघू, असं मी स्वतःशी म्हणाले आणि जागीच थांबले. हे वाक्य तुझं होतं. तू ते कधी मोठ्याने बोलली नव्हतीस, एवढंच. आई, तुझ्याकडे आरसा होता. तुला माहीत होतं. हळदीने तुझ्यापासून काही लपवलं नाही, तूच हळद लावून आमच्यापासून लपवलंस. मला तुझा भयंकर राग आला. आणि त्या रागातच आज मी बरणी उघडून ते उटणं गळ्याला, हातांना चोळलं, आणि अर्धवट धुतलं.

हे लिहून कुठे पाठवायचं नाहीच. लिहिता लिहिता लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आहे. आधी विचारत होती, या जमान्यात कागदावर कुणाला लिहितेस. आता तिचा आवाज बदललाय. "आई, जरा उजेडात ये. माझ्याकडे बघ."

कांदे समोरच आहेत, चिरायचे राहिलेत. मी अजून मान वर केलेली नाही.