माझ्या नाकाची परीक्षा

प्रिय भिंगरी,

मशीनवर कोट तसाच टाकून लिहायला बसलेय. गिऱ्हाईक येऊन बोलून गेलं, पण सकाळपासून माझा हात कशालाच लागत नाही. उठते, खिडकी उघडते, गॅसचं बटण चाचपते, परत बसते. कामावर जाताना तुझे बाबा म्हणाले, अगं, बूड टेकव जरा एका जागी. त्यांना काय जातंय बोलायला!

त्या तापातून उठल्यापासून मला वास येत नाही. सर्दी असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. मग एकदा इस्त्रीखाली कोटाची बाही जळली आणि मी तिथेच उभी राहून शेजारणीशी खिदळत होते. धूर तिला दिसला. मला वास नाही म्हणजे नाहीच! डॉक्टर म्हणाले, रोज ओळखीचे वास घेत जा, येईल हळूहळू, कदाचित येणारही नाही. ते 'कदाचित' काही माझ्या घशाखाली उतरेना.

मग औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या. कॉफी, लवंग, साबण आणि संत्र्याची साल, सगळं कापसात गुंडाळून एकेकीत भरलं. रोज डोळे मिटून बाटल्या इकडच्या तिकडे करायच्या, एक उचलायची, हुंगायची आणि ओळखायचं. काय सांगू, एकही चुकेना! मी तर हवेतच. तुझं बाळ आता मीच सांभाळणार, त्याची गोधडीही शिवायला घेतली म्हणून तुला फोनवर ओरडून सांगितलं ना, ते तेव्हाच.

बाबांना मात्र पटेना. काल सुट्टी होती. त्यांनी गुपचूप या बाटलीतला कापूस त्या बाटलीत घातला. मी नेहमीसारखं ठणकावून म्हटलं, लवंग. निघाला साबण. कॉफी म्हटलं, तर साल. सगळंच चुकलं. अगं, एकीचं झाकण चिरलेलं, एकीचं घट्ट, एकीचा कागद खरबरीत. आयुष्यभर कापड बोटांनी ओळखण्यात गेलं, तीच बोटं मला उत्तरं सांगत होती. आणि मला वास येत होता गं, शप्पथ, लवंगेचा झणझणीत वास! बाबा हसायला लागले आणि माझं तोंड बघून बाटल्या आवरायला लागले. तेव्हापासून मी घरभर हुंगत फिरतेय.

सोमवारपासून तू कामावर जाणार. बाळाला दिवसभर माझ्याजवळ एकटं ठेवू नकोस. दूध करपलं, गॅस चालू राहिला, तर मला पत्ता लागणार नाही आणि मी आपली खुशाल त्याला खेळवत बसेन. पाळणाघर बघ. रजा वाढवून मिळते का विचार. माझ्यावर चिडलीस तरी चालेल. संध्याकाळी बाबांच्या हाती हे पत्र पाठवतेय. फोनवर सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, काही होत नाही गं आई. आणि मी लगेच हो म्हटलं असतं. इतका हवाय गं मला तो.

तुझीच,
घाबरलेली आई