सहा नर, एक पिंजरा

जुनी हुबळी,
रविवार, १२ तारीख

तीर्थरूप कृष्णाबाई आत्यास,
वनिताचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुझ्या गुडघ्यांचं काय ते सविस्तर कळव. (मागच्या वेळी पाठवलेलं तेल चोळतेस, की नुसता वास घेऊन फळीवर ठेवून देतेस?) तुझ्या जावयाला, म्हणजे विशालला, तारिहाळच्या कारखान्यात या महिन्यात दिवसपाळी आहे, त्यामुळे तो जरा माणसात आहे. तर आता मुद्द्याचं. माझी नोकरी गेली असं मीनाक्षीवहिनीने तुला फोन करून सांगितलं म्हणे. वहिनीला सांग, नोकरी गेलेली नाही, मेमो मिळालाय. मेमो मिळणं आणि नोकरी जाणं यात पुष्कळ फरक आहे, आणि तो मी वीस तारखेपर्यंत टिकवून दाखवणार आहे. वहिनीला आधी स्वतःचं घर बघायला सांग, तिथे बघण्यासारखं बरंच आहे.

मेमो कशाबद्दल, तर नर एकत्र ठेवले म्हणून! आता तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. औषधांच्या कॉलेजात मी अकरा वर्षं पांढरे उंदीर सांभाळते हे तुला ठाऊक आहेच. (तुझ्या भाताच्या कणगीत शिरतात ते वेगळे. हे शांत असतात, हातावर बसतात, आणि दिवसातून दहा वेळा तोंड धुतात. आपल्या घरातली काही माणसं एकदाही धूत नाहीत.) कागदावर त्यांना नंबर असतो, शेपटीवर पेनाने लिहिलेला. पण नंबर घेऊन कुणाला हाक मारता येते का? म्हणून माझ्या सहा नरांना मी धारवाडच्या बसचे थांबे दिले: होसूर, विद्यानगर, उणकल, नवनगर, रायापूर आणि सत्तूर. सहाही एका आईचे, एका वेळचे, डोळे उघडले तेव्हापासून एका पिंजऱ्यात. पैदाशीसाठी त्यातला एक जण आठवडाभर दोन माद्यांच्या पिंजऱ्यात जातो (मी त्याला सासुरवाडी म्हणते) आणि मग परत भावांत येतो.

खरी मेख या परत येण्यात आहे. सासुरवाडीहून आलेल्याच्या अंगाला माद्यांचा वास असतो. बाकीचे पाच हुंगतात आणि त्यांचं डोकं फिरतं. का फिरतं ते मी सांगायला नको, तूही लग्नघरं पाहिली आहेस. म्हणून मी काय करते, सासुरवाडीच्या पिंजऱ्यात अंथरलेलं मूठभर तूस घेते आणि सहाही जणांच्या पाठीला चोळते. आपण लग्नात हळद एकट्या नवऱ्याला लावून थांबतो का? करवल्या, मामा, मांडवात उगाच उभा असलेला आचारी, सगळे पिवळे. सगळेच पिवळे झाले की रुसायला कुणाला जागा राहत नाही. शिवाय पिंजरा धुताना जुनं तूस निम्मं परत घालते, म्हणजे घर आपलंच वाटतं. खायला दोन भांडी, लपायला दोन मडकी. झालं. जुने साहेब निवृत्त होईपर्यंत एकाच्याही कानाला ओरखडा आला नाही.

मग आले लक्ष्मण सर. बेंगळुरूचे, वय बत्तीस, नाकाला कायम रुमाल. पिंजऱ्याजवळ येत नाहीत, दारातूनच मोजतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, अक्का, साध्यविल्ला, शक्यच नाही, नर एकत्र राहूच शकत नाहीत, पुस्तकात लिहिलंय. मी म्हटलं, सर, ते पुस्तक यांनी वाचलेलं नाही. (मला हसू आलं, त्यांना आलं नाही.) पुढच्या आठवड्यात मी दोन दिवस लग्नाला गेले, तेवढ्यात त्यांनी पिंजरा फिनेल घालून लखलखीत धुवून घेतला आणि सासुरवाडीहून आलेल्या उणकलला तसाच आत सोडला. ना हळद, ना जुनं तूस, घराला फिनेलचा वास! अय्यो, दुसऱ्या दिवशी बघते तर उणकलचा कान फाटलेला आणि नवनगर मडक्यात तोंड खुपसून बसलेला. चूक कुणाची? मेमो कुणाला? त्यात असं लिहिलंय की एकट्या नराचे पिंजरे दोनच आहेत, तेव्हा दोन नर वेगवेगळे ठेवावेत आणि उरलेले चार वीस तारखेच्या तपासणीआधी ‘कमी करावेत’. मारायलासुद्धा काय मऊ शब्द काढलाय बघ. उणकलच्या कानाला हळद लावताना मी रडले, हे तुला म्हणून सांगते, विशालला सांगितलेलं नाही.

रडून झाल्यावर मी तो मेमो घेऊन सरळ सरांच्या खोलीत गेले. तिथे शिकवणाऱ्या हेमावती मॅडम बसल्या होत्या, बरं झालं, साक्षीदार मिळाली. मी म्हटलं, आजपासून पंधरा दिवस सहाही नर एका पिंजऱ्यात ठेवते. एकाला जरी रक्त आलं, किंवा एक जरी मी वेगळा काढला, तर त्याच दिवशी राजीनामा. आणि नाही आलं, तर सहापैकी एकालाही कुणी हात लावायचा नाही. लिहून द्या. सरांना वाटलं, ही बाई आपोआप जातेय तर जाऊ दे. दिलं लिहून, खाली सही, शिक्का. तो कागद मी घरी डब्याखाली ठेवलाय.

आज आठवा दिवस. काल सर दारात उभे राहून एक, दोन, तीन करत सहापर्यंत मोजून गेले आणि सगळे एकावर एक झोपलेले बघून त्यांचा रुमाल खाली आला. विशाल म्हणतो, उंदरांसाठी कुणी नोकरी पणाला लावतं का? मी म्हटलं, लावतं, बघ माझ्याकडे. अग, त्याच कॉलेजात दोन साहेब एका खोलीत बसतात आणि मध्ये कपाट आडवं लावलंय, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. त्यांना कुणी कमी करा म्हटलं का? माझे उंदीर निदान एका मडक्यात झोपतात. मी मागे हटणार नाही. हटायला शिकवलंच नाही आपल्या घरात कुणी, आणि त्यातही तू तर नाहीच.

थोरांना नमस्कार, पोराटोरांना पापा, मीनाक्षीवहिनीला काहीच नाही.

तुझीच भाची,
वनिता

ता. क. : दीपकभाऊजी अळणावरला निघालेत, तेच तुझ्या घरी येऊन हे पत्र हाती देतील. सोबत गुडघ्याचं तेल, पाव किलो पेढे आणि एक जाळीची पेटी आहे. पेटी शेवटी उघड, आणि बसून उघड.

पुन्हा ता. क. : पेटीत सत्तूर आहे. ओरडू नकोस, तो दचकतो. वरचं सगळं खरं आहे, फक्त सहाच्या जागी पाच वाच. त्या फिनेलच्या दिवसापासून सत्तूरला हळद चालत नाही, तूस चालत नाही, भाऊच चालत नाहीत. चौथ्या दिवशी अंग फुगवून तिरका तिरका चालायला लागला आणि उणकलच्या पाठीचे केस उपटले. रक्त आलं नव्हतं, पण येणार हे मला दिसत होतं. आता पिंजऱ्यात सहावं एक लहान पिल्लू आहे. लहानांशी मोठे भांडत नाहीत. त्याच्या शेपटीवर सत्तूरचा नंबर मी लिहिला, पेन हेमावती मॅडमनी दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. वीस तारखेपर्यंत एवढा सांभाळ. तुझ्या बोक्याला तेवढे दिवस पडवीत बांध. ह्याला भिजवलेले चणे घाल, पाणी रोज बदल, आणि बरोबर कुणालाही ठेवू नकोस. सर म्हणतील, याचं कुणाशी पटत नाही, याला कमी करा. नाही पटत तर नाही पटत! तुझंही सासरी पाच दिरांशी पटलं नाही, भरलं ताट सरकवून उठलीस आणि तीस वर्षं स्वतःच्या घरात एकटी ऐटीत राहतेस. तुला कमी करायची कुणाची छाती झाली नाही. तसा हाही राहू दे.