दोघींना पटलेली नोंद

गिरगाव,
४ ऑक्टोबर १९५७

प्रिय राधा,

तुझं पत्र मिळालं. जयवंतराव गेले त्याला वर्ष व्हायला आलं, आणि आता दिवाळीनंतर साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून तू दिरांकडे इंदूरला कायमची जाणार, हे वाचलं. उत्तराला उशीर झाला खरा. कारण सांगते, पण आधी कोशाचं ऐक.

आपला प्राचीन ग्रीक शब्दकोश अजून थीटा या अक्षराच्या नोंदींतच रुतलाय. परदेशातून त्या जुन्या ग्रीक शब्दसंग्रहाच्या हस्तलिखिताच्या पानांचे फोटो येतात आणि मी भिंग घेऊन बसते. ते उतरवून काढणारा तो जुना लेखनिक तुझा लाडका, माझ्या मात्र डोक्याला ताप! कुठलाही अवघड शब्द आला की अर्थ काय, तर ‘एक प्रकारचा मासा’. पापलेट की बांगडा, पत्ता नाही. माहीमच्या कोळणीपुढे उभा करायला हवा मेल्याला, असं तू म्हणायचीस. परवा एका शब्दापुढे त्याने ‘मासा, भाकरी’ असं लिहिलेलं सापडलं. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, मधली ओळ गळली, दोन नोंदी एकात घुसल्या, सोडव त्यांना. मी म्हटलं असतं, पुरावा दे, नाहीतर संशयाची खूण करून पुढे चल. मग चहा गार होईपर्यंत आपली जुंपली असती.

आपले पहिले संपादक रघुवीर सर, त्यांचा नियम होता, एकीच्या डोळ्यांवर भरवसा नाही, दोघींना पटल्याशिवाय नोंद पक्की नाही. सर गेले, तू लग्न होऊन गेलीस, नियम तेवढा राहिला. म्हणून तुझी बाजूही मीच मांडते, चक्क मोठ्याने. शेजारच्या शांताबाईंना वाटतं, माझ्याकडे कुणी पाहुणी आलीय. हल्ली बहुतेक वेळा तूच जिंकतेस, माझ्यात भांडायचा दम उरलेला नाही.

खालून मोर्चे जातात. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ सगळी गल्ली एका आवाजात ओरडते. मीही गॅलरीतून घसा बसेस्तोवर ओरडते, बरं वाटतं. मग मोर्चा ठाकुरद्वाराकडे वळतो आणि मी आत येऊन एकटीपुरता भात टाकते. तोही उरतो.

तर उशिराचं कारण. कोश तुझ्यावाचून अडलाय, म्हणून ये, असं लिहायला बसले होते. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं, कारण ते खोटं आहे. नव्या संपादकांनी एकटीने नोंदी पक्क्या करायला मला केव्हाच मुभा दिली आहे. काम तुझ्यावाचून होईल गं, माझंच होत नाही. दिरांकडे तुला कोपरा मिळेल. इथे दोन खोल्या आहेत, त्यातली उजेडाची तुझी. लोक म्हणायचं ते म्हणतील, त्यांना काय दुसरा उद्योग आहे! तुला आता माणसांत राहावंसं वाटत असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही, रडेन फक्त. पण मन जरा जरी इकडे ओढत असेल, तर इंदूरचं तिकीट काढू नकोस. माझ्याकडे राहायला ये.

तुझीच भांडखोर,
बकुळा