पंखा कशाने थांबला

गुरुवार, ३ एप्रिल २००३
देशमाने सरांनी नव्या पिकअपच्या फाइलवर आज माझं नाव घातलं. दोन गाड्या, दोन्हींत तेच डिझेल इंजिन, फरक फक्त रेडिएटरच्या पंख्याचा. एकीला नेहमीचा, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. दुसरीला विजेवरचा, परदेशी कंपनीचा. कुठला ठेवायचा ते महिन्याभरात सांगायचं. "रिपोर्ट तुमचा, सहीपण तुमचीच," सर म्हणाले. टेस्टिंगला येऊन दीड वर्ष झालं. आजवर माझी सही फक्त हजेरीपटावर.
ड्रायव्हर जालिंदरकाका. बरं झालं. सगळं माहीत असून न शिकवणारा सेक्शनमधला एकमेव माणूस.
(यापुढे मे. = मेकॅनिकल, इ. = इलेक्ट्रिक.)

सोमवार, ७ एप्रिल
वाकड ते हिंजवडी, सकाळी नऊची गर्दी. मुद्दामच. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक, आमच्या गाड्या नुसत्या रांगत होत्या. मे. गाडी तापली. साहजिक आहे, इंजिन मंद तर पंखाही मंद. शेवटी एसी बंद केला, घाम पुसत बसलो. परतीला इ. गाडी, तीच गर्दी, ऊन जास्तच, काटा जागचा हलला नाही.
काकांना काही पटलेलं नाही. पट्टा डोळ्यांना दिसतो, सैल झाला तर ओरडून सांगतो, वायर काय सांगणार, असं त्यांचं म्हणणं.
काका इथल्याच माण गावचे. एका काचेच्या इमारतीच्या पार्किंगकडे हनुवटीने दाखवत म्हणाले, "तितं खाली आमची हीर हाय." विहीर हाय म्हणाले. होती नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल
हायवेवर दोन दिवस. इ. गाडीला डिझेल कमी लागलं. थोडंच, पण दर फेरीला. मे. पंखा गरज असो नसो इंजिनची ताकद खातोच. सरांना आकडे दाखवले. खूश नाहीत, नाखूशही नाहीत. "घाट बघू," एवढंच.
माझं मन इ.कडे झुकलंय. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

सोमवार, १४ एप्रिल
जयंती. सकाळी सगळे विहारात. पप्पांचा पांढरा शर्ट, इस्त्री स्वतःची. फॅक्टरीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, कडक घडी तशीच. आत्याने विचारलं, ही अजून ट्रकांमागेच का, सगळ्या मुली हिंजवडीत एसीत बसतात. खरंय, आमच्या बॅचमधले निम्मे तिकडेच गेले. मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, तिला यंत्र हाताला लागलेलं बरं वाटतं. मी त्यांना असं कधी सांगितलेलं नाही.

सोमवार, २१ एप्रिल
उद्या खंबाटकी घाट. दोन्ही गाड्यांवर वाळूची पोती चढवली, पूर्ण वजन. इ. पंख्याची एक वायर कमी पडत होती म्हणून जोडून लांब केली. टोकाला थिंबल, म्हणजे जोडाची धातूची टोपी, बसवायचं तर दाबायचं हत्यार कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्या शिफ्टकडे. पकडीने दाबलं. ओढून पाहिलं, निघालं नाही. साडेपाचला बाहेर.

मंगळवार, २२ एप्रिल
नीट लिहायला जमेल असं वाटत नाही. क्रमाने लिहिते.
मे. गाडी आधी. आवाज कान किटवणारा, पण वर पोचेपर्यंत काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. काका हसत होते.
मग इ. गाडी. काका चालवत, मी शेजारी, मांडीवर तापमानाचा रेकॉर्डर. निम्म्या घाटापर्यंत चांगलं. मग तापमान चढायला लागलं, थांबेचना. मी आकडेच बघत बसले. काका म्हणाले, पंख्याचा आवाज येत न्हाई. वळणावर जागा बघून गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. पंखा बंद. काकांनी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. मी "थांबा" म्हणाले की म्हणायचं राहिलं, आठवत नाही. वाफ आणि उकळतं पाणी सरळ हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत.
पिण्याच्या पाण्याचा कॅन सगळा हातावर ओतला. मागून येणारी आमची जीप थांबली, खाली पायथ्याच्या खंडाळ्यात डॉक्टरकडे, तिथून पुण्याला. काका वाटेत एकदाही ओरडले नाहीत. मला म्हणाले, रेकॉर्डर बंद करा, बॅटरी उतरंल.

बुधवार, २३ एप्रिल
अपघाताचा फॉर्म तयारच होता. "इंजिन गरम असताना चालकाने झाकण उघडले." खोटं नाही. पंखा का थांबला, त्या रकान्यात "पंख्याच्या मोटारीतील संभाव्य बिघाड." सरांनी सही केली, मी साक्षीदार म्हणून केली.
दुपारी गाडी आली. मोटारीला थेट बॅटरी जोडली तर लगेच फिरली. उत्तम फिरली. मग वायर तपासत मागे गेले. मी बसवलेलं थिंबल काळं पडलेलं, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलेलं. सैल जोड, तापला, जळला. मोटारीत काही बिघाड नाही.
कापून पाकिटात घातलं. पाकीट पर्समध्ये. कोणाला बोलले नाही.

गुरुवार, २४ एप्रिल
माणला गेले. काका ओसरीवर खुर्चीत, हात बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. डॉक्टर म्हणालेत खूण राहील, बोटं नीट चालतील. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनीच थांबवलं. म्हणाले, वायर जळल्याचा वास मला आधीच आलावता, झाकण उघडायच्या आधी. गाडी चढावर उभी, इंजिन धरतंय, जाम होतंय का काय म्हणून घाई केली, ती चूक माझी. वायरीचं कोणाला सांगू नका.
"तुमी टेस्टिंगला आलेल्या पहिल्याच बाईमाणूस. एक चुकलं की धा वर्सं तेच काढत्यात. माझं काय, माझं झालं आता."
माझं झालं, असं ते म्हणाले. पण काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांच्याकडून कळलं, काका अकरा वर्षं कंत्राटावर आहेत आणि यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. आता चालकाची चूक म्हणून अपघात नावावर लागला, तर यादीतून जाणार, असं सुपरवायझर फोनवर म्हणाला. काकूंना थिंबलचं काही माहीत नाही. जाताना मला शेवग्याच्या शेंगा दिल्या. घेतल्या.

शुक्रवार, २५ एप्रिल
सर म्हणाले, विषय संपला, मे. पंखाच ठेवू, परदेशी माल आपल्या घाटात टिकत नाही हे सिद्ध झालं. सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. सिद्ध काही झालेलं नाही. मी "हो सर" म्हणाले.
दिवसभर एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे स्वतःला समजावली. काकांनीच तर सांगितलंय नको म्हणून. झाकण त्यांनीच उघडलं. वगैरे.

शनिवार, २६ एप्रिल
सकाळी पप्पांना सांगितलं. ते बाल्कनीत पेपर वाचत होते. हात पुढे केला. मी पाकीट दिलं. थिंबल उजेडात फिरवून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.
"पकडीने दाबलंस."
मी हो म्हणाले.
मला वाटलं आता रागावतील. एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली, सैल नट दिसला तर शेजाऱ्याच्या गेटचाही आवळतात. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, याची नोंद कुठे केलीस. मी म्हटलं, रोजनिशीत.
"ती तुझी झाली. त्या माणसाच्या नावाची नोंद कुठे आहे?"
मग पेपर उघडला.

सोमवार, २८ एप्रिल
एक पान लिहिलं. थिंबल कोणी बसवलं, कशाने, का, कधी. मोटार बॅटरीवर चालल्याची नोंद. चालकाने आवाज बंद झाल्याचं वेळेवर सांगितलं, गाडी सुरक्षित जागी घेतली, मी रेकॉर्डर बघत राहिले, झाकणाबद्दल सावध केलं नाही. खाली सही. सोबत पाकीट.
सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तोंडी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."
मी म्हटलं, तोंडी सांगितलं असतं तर कागदावर जालिंदरकाकाच राहिले असते.
सरांनी कागद आणि पाकीट फाइलला लावलं. मग म्हणाले, चौकशी समिती बसेल, तोवर गाड्यांना हात लावायचा नाही. आवाज चढवला नाही. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, कपाटाची किल्ली एका शिफ्टकडेच राहते हे त्यांनी स्वतःही लिहून द्यायला हवं होतं, मागच्या वर्षीच.
बाहेर आले. कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले. भूक लागली होती, त्याचंच आश्चर्य वाटलं.

बुधवार, ३० एप्रिल
टेबलावर थिंबल दाबायचं नवं हत्यार, लाल फीत बांधून, वर चिठ्ठी: "मॅडमसाठी सप्रेम भेट." अक्षर ओळखलं, सेक्शनमधलंच. फीत सोडली, हत्यार खणात ठेवलं. चांगलं आहे, जुन्यापेक्षा चांगलं.
काकांचा शेजारच्या दुकानातून फोन. कोणीतरी सांगितलं असणार. चिडलेले होते. मी नको म्हणलं होतं ना, म्हणाले. मी हो म्हटलं. शेवटी त्यांनीच विचारलं, शेंगा कशा निघाल्या.

मंगळवार, ६ मे
समितीसमोर वीस मिनिटं. तीन माणसं, प्रश्न सभ्य. एकाने विचारलं, हे दडवता आलं असतं, मग का सांगितलं. म्हटलं, पंख्याची मोटार चालत होती. त्यांना ते उत्तर वाटलं की नाही कोण जाणे.
निर्णय नंतर कळवणार. माझ्याबद्दल, आणि यादीबद्दलही.
मात्र घाटाची चाचणी पुन्हा घ्यायची ठरलीय. पुरवठादाराची नवी वायर, सही सरांची. मी फक्त आकडे लिहायला.

शुक्रवार, ९ मे
खंबाटकी. ऊन मागच्याहून कडक. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे, पण काका आले होते. सुट्टीवर असताना, स्वतःच्या खर्चाने, एसटीने. सरांनी पाहिलं, जीपमध्ये जागा करून दिली. हातावर गुलाबी नवी कातडी, बाही खाली ओढलेली.
मे. गाडी मागच्यासारखीच, निवांत. मग इ. या वेळी पंखा वरपर्यंत फिरत राहिला. तापमान मात्र मे.पेक्षा बरंच वर, शेवटच्या वळणाला लाल खुणेच्या अगदी खाली. मी आकडे लिहीत होते. ओलांडली नाही. पण तिथून फार लांबही नव्हती.
म्हणजे गर्दीत इ., घाटात मे. आणि पिकअप घेणारा माणूस सकाळी हिंजवडीत असतो, दुपारी साताऱ्याच्या वाटेवर. सरांनी माझं मत विचारलं. सहीशिवायचं मत चालेल का, असं मी विचारलं. सर म्हणाले, चालेल, पण लेखी द्या, तुम्हाला सवय आहे. हसले की नाही ते दिसलं नाही.
मत अजून लिहिलेलं नाही. समितीचं पत्रही नाही. सोमवारी येईल म्हणतात.
वर माथ्यावर इंजिन बंद केलं तरी इ. पंखा फिरतच होता, रेडिएटर थंड करत. काका गाडीपुढे गेले आणि भाजलेला हात जाळीसमोर, जरा लांबच धरला.
"इंजिन बंद हाय," म्हणाले, "आन ह्यो अजून चालू हाय."
मी सांगितलं, गार झालं की आपोआप थांबतो. त्यांना ते बघायचं होतं. बाकीचे चहाला गेले. आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो, पंखा थांबेपर्यंत.