उतारावर सायकल सोडावी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शेजारच्या शिंपीकाकू इकडे भेटल्या. सायकलचं दुकान बंद केल्यापासून तू ती जाड टायरची सायकल घेऊन टेकड्या चढतेस म्हणे. वय अडुसष्ट, घरात एकटी. माझा जीव टांगणीला लागलाय. एकच विनंती : उतारवयात सायकल सोडावी. ऐकशील ना?

लोभ आहेच, काळजीही आहे.

तुझा भाचा

९ फेब्रुवारी

चि. विमावाल्यास अ. आ.

तुझं ऐकलं. चष्मा काडी बसवायला दिलाय, आणि तुझं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून कागदावर चालत गेलेली. तरी लावलं कसंबसं.

काल सकाळी निघाले. चढाला छातीचा भाता झाला. घट्ट रंगीत कपड्यांतली तीन पोरं सायकली ढकलत होती. एक थांबून म्हणाला, आजी सावकाश. मी म्हटलं, मी सावकाशच चाललेय, तू उभा आहेस.

वर नुसतं गवत, वारा आणि लांबवर मेंढ्या. दहा मिनिटं बसले. मग उतार. आजवर उतार दिसला की मी दोन्ही ब्रेक आवळायची. चाळीस वर्षं लोकांचे ब्रेक घट्ट केले, दुसरं सुचणार काय. पण तू लिहिलंस ना, उतारावर सायकल सोडावी. विमा कचेरीतला माणूस उगाच सांगणार नाही म्हटलं. सोडली.

बाबा रे. कानात वारा असा शिरला की ओरडतेय ती मीच, हे कळलं नाही. मेंढ्या पांगल्या. मेंढपाळ काय बोलला ते लिहीत नाही. खाली आल्यावर एकटीच हसत बसले. असा दिवस बऱ्याच वर्षांत गेला नव्हता. असंच कामाचं लिहीत जा.

तुझी आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

उतारावर नाही गं, उतारवयात. व, या, त. सोडावी म्हणजे बंद करावी. वाचून मला घाम फुटला. रविवारी टेम्पो घेऊन येतो, सायकल माझ्याकडे राहील. रागावू नकोस.

तुझा भाचा

१७ फेब्रुवारी

चि. विमावाल्यास अ. आ.

सायकल न्यायला आलास. मी कुलपाची चावी दिली, एवढंच म्हटलं की चालवून बघितल्याशिवाय माल उचलू नये. दहा मिनिटांत येतो म्हणून गेलास. टेम्पोवाला दोनदा चहा पिऊन कंटाळून निघून गेला. तू उगवलास तीन वाजता. बुटात काटे, कोपर खरचटलेलं, आणि तोंड असं फुललेलं की दहावी पास झालास तेव्हाही नव्हतं. कसं वाटलं विचारलं, तर म्हणे बरं होतं. आणि सायकल इथंच विसरून बसनं गेलास.

चष्मा आला. पत्र परत वाचलं. शब्द तुझाच बरोबर होता. पण उतारवय एवढं वाईट नाही रे, पायडल मारावं लागत नाही. तुझं अजून चढवय, तू धापा टाकणारच.

दुकानातल्या जुन्या सामानातून तुला एक सायकल जोडतेय. ब्रेक दोन्ही घट्ट बसवलेत, दाबायचे कधी ते तुझं तू बघ. रविवारी सातला ये. टेम्पो नको.

लोभ आहे तेवढा पुरे. अक्षर तेवढं मोठं काढ.

तुझी आत्या