न हलवलेली बाटली

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींनी मला कारखान्यातून निलंबित केलं, हे तुला कळलं असेलच. कारण कळलं नसेल. मुलांच्या तापाचं नवं औषध तपासून मी शेरा लिहिला, की हे कायम एकजीव राहणारं कलिल नाही, निलंबन आहे. ठेवलं की औषध तळाला बसतं, म्हणून ‘बाटली हलवून घ्या’ असं छापा. नाहीतर पहिल्या चमच्यात नुसतं गोड पाणी आणि शेवटच्यात सगळं औषध. पण लेबलं छापून झाली होती. भावोजींनी बाटलीवर टॉर्च मारला, उजेडाचा पट्टा दाखवला आणि म्हणाले, हे दुधासारखं कलिलच. निलंबन आता तुमचं. सगळे हसले.

मला त्यांची चांगली जिरवायची आहे. सोबत तीच बाटली पाठवते. काचेच्या कपाटात ठेव, हात लावू नकोस. कारखान्याचे मालक तुमच्याकडे जेवायला आले की समोर ठेव.

राग तुझ्यावर नाही, एवढं असू दे.
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

बाटली रोज बघते. अगदी दुधासारखी आहे, तळाला काही नाही. नाकावरचा राग सोड, यांची माफी माग आणि कामावर ये.

माझी माया आहे तशीच आहे.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

माफी मागेन, पण आधी कपाटावर नजर ठेव. टॉर्चचा पट्टा निलंबनातही दिसतो. फरक कळतो तो नुसतं ठेवल्यावर, आणि ती बाटली कोणीतरी नुसती ठेवत नाहीये.

तुझीच,
ठमी

२४ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

आंघोळीला जाण्याआधी हेच बाटली हलवतात. दाराआडून पाहिलं. गेल्या महिन्यात आपल्या छकुलीला ताप आला, तेव्हा यांनी हेच औषध आणलं होतं आणि देताना चांगलं खळखळून हलवलं होतं. किती जपतात, असं मला तेव्हा वाटलं होतं. म्हणजे आपल्या लेकीपुरतं ठाऊक होतं.

मी भांडले नाही. कपाटाला कुलूप लावलं. मालक जेवायला बसल्यावर बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. खाली बोटभर साका, वर पाणी. हे काय, असं त्यांनी विचारलं. तुमच्या साहेबांचं कलिल, असं मी सांगितलं.

मालकांनी बाजारातून औषध परत मागवलं आहे, तुलाही बोलावणं येईल. निलंबन आता यांचं. दिवसभर खुर्चीत बसून असतात. मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाक म्हणतात. मी हलणार नाही आणि यांनाही हलवणार नाही.

तुझ्यावरचा लोभ मात्र कलिल समज.
ताई