सोमवारी न जुंपायची पिकअप

४ मार्च, मंगळवार

हिंमतरावांचा भाड्याचा ट्रॅक्टर आजही आला नाही! सकाळी आठचा वायदा. दहाला फोन केला — ‘निघालोच.’ बाराला केला — ‘टायर बघतोय.’ मग फोनच बंद. बोअरमधली मोटार वर ओढायचं माझं यंत्र इकडे वाशी गावात दारासमोर दोन चाकांवर उभं, ओढून न्यायला कोणी नाही, आणि तिकडे शेतकऱ्याची मोटार तीनशे फुटांखाली जळून पडलेली. दुपारी त्याने दुसऱ्याकडून काढून घेतली. त्याचं काय चुकलं? यंत्र माझं, हात माझे, आणि माझी पत मात्र हिंमतरावांच्या टायरवर!

आण्णासाहेब परवा स्पष्टच बोलले. त्यांचे नऊ बोअर, डाळिंबाची बाग, दुधाचा मोठा धंदा. ‘उन्हाळाभर सगळं काम तुलाच देतो, नंदीश. पण गाडी स्वतःची पायजे. फोन केला की दोन तासात यंत्र माझ्या बांधावर.’ पाडव्याच्या आत सांगायचंय. हे काम मिळालं तर लोकांच्या दारात ताटकळणं संपलं. म्हणून पिकअप. जुनी चालेल, पण ओढणारी पाहिजे.

६ मार्च, गुरुवार

परंड्यात एक पाहिली. मालक म्हणतो, ‘घरचाच वापर हाय. उसाला कधी लावलीच न्हाय.’ सीटखालची चटई उचलली, तर खाली पाचटाचा थर! विचारलं तर म्हणे, ‘वाऱ्यानं आलं आसंल.’

दुसरी बाहेरून अगदी नटवलेली. बब्रुवान मेकॅनिक खाली शिरला, चेसीवर हातोडी वाजवली, लगेच बाहेर आला. ‘चल, च्या पिऊ.’ म्हणजे नाही.

८ मार्च, शनिवार

अजून एक. नाही.

१० मार्च, सोमवार

डोकं फिरलंय. बब्रुवानने पत्ता दिला — ढोकीच्या अलीकडे भीमाशंकरकाका म्हणून भाजीचे व्यापारी आहेत, गुडघे गेले म्हणून गाडी विकतायत. ‘डोळे झाकून घे,’ म्हणाला. मोटरसायकलवर ऊन खात गेलो. गाडी खरंच झकास. म्हटलं, काका, चालू करा.

‘आज सोमवार हाय. उद्या या.’

म्हटलं, नुसता आवाज ऐकतो. तर म्हणे, ‘सोमवारी बैल जुपतो का आपण? मग! बैलाच्या जागी ही आली. हिचाबी सोमवार पाळतो.’ कपाळावर भस्माचे पट्टे, तोंडावर हसू म्हणून नाही. त्यांच्या बायकोने, नागम्माकाकूंनी, ताक दिलं. ताक पिऊन परत!

आमच्या घरीसुद्धा सोमवारी बैलांना विसावा असायचा, जुंपत नव्हते, मला हे शिकवायला नको. पण गाडीला कुठं खांदा असतो!

घरी महेश्वरीला सांगितलं. बायको म्हणते, ‘आशा माणसाची गाडी नीटच आसणार.’ ही नक्की कुणाच्या बाजूची?

११ मार्च, मंगळवार

परत गेलो, बब्रुवानला घेऊन. पहिल्या चावीला चालू. शेजाऱ्याची पाण्याची टाकी मागे जोडली आणि चढावर घातली — इंजिनाने हूं की चूं केलं नाही. भाव पटला. हात पुढे केला, तर काका हात मागे घेऊन बसले.

‘एक आट हाय. सोमवारी काढायची न्हाय. बॉनेटवर हात ठिवून सांगा.’

आण्णासाहेबांचे दोन तास डोळ्यासमोर. तरी हात ठेवला, सांगितलं. दुसरी अशी गाडी कुठं मिळणार? बब्रुवान तोंड फिरवून हसत होता.

१४ मार्च, शुक्रवार

सह्या, झेरॉक्स, परत झेरॉक्स. आज एजंट म्हणतो, धुळवडीची सुट्टी आहे. मग काल ‘उद्या या’ म्हणाला कशाला!

१५ मार्च, शनिवार

गाडी दारात! महेश्वरीने नारळ फोडला. यंत्र मागे अडकवून थेट आण्णासाहेबांच्या बांधावर. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. ‘आजपासून काम तुझं.’

येताना मुद्दाम हिंमतरावांच्या दारावरून आलो. हॉर्न वाजवला. लांबलचक.

१७ मार्च, सोमवार

पहिलाच सोमवार आणि पहिलाच फोन! सव्वासातला आण्णासाहेब — ‘गोठ्यावरची मोटार बंद पडली. ये लगीच.’

हिंमतरावांचा ट्रॅक्टर मागावा, तर परवाच हॉर्न वाजवून बसलोय. महेश्वरी म्हणाली, ‘काकांना फोन करा. इचारून तर बघा.’ म्हटलं, नाही विचारणार. बॉनेटवर हात ठेवून घेतला ना त्या म्हाताऱ्याने? मग पाळतोच आता. होऊ दे माझं वाटोळं, म्हणजे कळेल सगळ्यांना! तिने परत सांगितलं, फोन माझ्यापुढे ठेवला. मी तिच्यावर ओरडलो. उगाच ओरडलो, पण ओरडलो.

आण्णासाहेबांना म्हटलं, आज सोमवार, गाडी निघत नाही, उद्या पहाटे येतो. पलीकडून — ‘आरं, गाडी हाय का बैल?’ मीच फोन ठेवला.

दिवसभर अंगणात गाडीकडे बघत बसलो.

१८ मार्च, मंगळवार

पहाटे गेलो. मोटार काल दुपारीच दुसऱ्याने काढून दिलेली. आण्णासाहेब बाहेरसुद्धा आले नाहीत. त्यांच्या माणसाने सांगितलं, ‘उन्हाळ्याचं काम आता त्येच्याकडंच दिलंय.’

घरी येईपर्यंत भीमाशंकरकाकांना एकट्याने शिव्या घातल्या. मोठ्याने.

२१ मार्च, शुक्रवार

बब्रुवानच्या गॅरेजात माझं नाव ‘सोमवार’ पडलंय.

२४ मार्च, सोमवार

सकाळीच भीमाशंकरकाकांचा फोन. ‘नंदीश, बोअरची मोटार जळली. गाडी घिऊन ये.’ मी ताडकन म्हटलं — काका, आज सोमवार! आठवडाभर साठवलं होतं. ते चिडले नाहीत. ‘आरं बाबा, म्हशींना तान लागलीया. सोमवार जनावरासाठीच आस्तोय न्हवं? ह्येबी सांगाया लागतं व्हय?’

गाडी काढली.

आण्णासाहेबांच्या गोठ्यात बेचाळीस जनावरं आहेत. मागच्या सोमवारी ती दुपारपर्यंत तहानलेली उभी होती, आणि मी इथं अंगणात बसून शब्द पाळत होतो.